वास येईनासा झाल्यास स्वयंपाक आणि जेवण कसे सांभाळावे

जुनाट सर्दी, सायनसचा त्रास, कोविडसारखा संसर्ग किंवा डोक्याला बसलेला मार यांमुळे वास जातो, तेव्हा माणूस "तोंडाला चव नाही" अशी तक्रार करतो. पण जीभ बहुधा शाबूत असते. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि टोमॅटोत किंवा मटणाच्या रश्श्यात असणारा उमामी, एवढेच कळते. जिऱ्याची फोडणी, भाजलेले खोबरे, ताजी कोथिंबीर यांची ओळख घास चावताना घशाच्या मागून नाकात चढणाऱ्या वासावरून पटते. घरातल्या इतरांना हे समजावे म्हणून त्यांनी नाक चिमटीत धरून बेळगावी कुंद्याचा तुकडा चावून पाहावा. गोडी आणि रवाळपणा तेवढा जाणवतो. नाक सोडताच आटलेल्या दुधाचा खरपूस वास तोंडभर पसरतो. ज्याचा वास गेला आहे, त्याला नाक सोडल्यावरही फरक पडत नाही. मात्र त्याला गोड आणि खारटही कळत नसेल, तर दुखणे वेगळे असू शकते आणि ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

अशा वेळी घरोघरी पहिला उपाय होतो तो मसाला वाढवण्याचा, आणि तोच सर्वांत निरुपयोगी. दगडफूल, वेलदोडा, जायफळ हा सगळा वासाचा कारभार असल्यामुळे ते दुप्पट घातल्याने रोग्याला काही मिळत नाही आणि बाकीच्यांचे ताट मात्र बिघडते. आपल्या बेळगाव भागातल्या सुवासिक बासमतीचा भातही त्याला साध्या भातासारखाच लागतो, तेव्हा तो त्याच्यासाठी राखून ठेवण्याचा हट्ट नको.

ताट उभे करावे ते शिल्लक असलेल्या संवेदनांवर. मिरचीचा तिखटपणा ही चव नव्हे आणि वासही नव्हे. ती तोंडातल्या वेगळ्या मज्जातंतूने जाणवणारी आग आहे, आणि ती सहसा टिकून राहते. बेडगी मिरची मुख्यतः रंग देते, म्हणून पोटाला सोसत असेल तर तिच्यात थोडी झणझणीत संकेश्वरी मिसळावी. मिरे, आले आणि फेसलेली मोहरी यांची झणझण, तसाच पुदिन्याचा गारवाही जाणवतो. आंबटपणासाठी आमसूल, चिंच, लिंबू आणि दही आहेतच. जोंधळ्याची गरम, कडक पापुद्र्याची भाकरी, शेजारी गार घट्ट दही, चिंचेचे बोट लावलेली शेंगदाण्याची भरड चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा, असे ताट वाढून पाहावे. त्यात कुरकुरीत, मऊ, गरम, गार, आंबट आणि झोंबणारे सारे एकाच घासात येते आणि वास नसतानाही जेवण अगदीच मुके वाटत नाही. सगळे एकजीव शिजवलेली खिचडी मात्र अशा माणसाला लवकर कंटाळा आणते.

मीठ आणि साखर यांबाबत हात आखडता ठेवावा, कारण हरवलेली चव भरून काढण्याच्या नादात त्यांचे प्रमाण नकळत वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरही नाही, इतकेच मीठ पोटात जावे. लोणचे, पापड आणि सांडगे त्यातच धरावेत.

स्वयंपाक करणाऱ्याचाच वास गेला असेल, तर लसूण करपतो आहे हे नाक सांगणार नाही. मोहरीची तडतड कानाने आणि लसणाचा रंग डोळ्यांनी टिपावा व चुलीपासून हलू नये. दुधावर तारीख लिहावी. शेंगदाणे आणि तेल खवट झाले का, हे दुसऱ्याकडून हुंगून घ्यावे. सिलिंडरमधल्या गॅसला मुळात लक्षात येईल असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळलेले असते. म्हणून एकट्या राहणाऱ्याने गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवावे आणि रात्री रेग्युलेटर बंद करण्याची सवय लावावी.

संसर्गानंतर गेलेला वास सरावाने काही जणांना परत मिळतो. थॉमस हुमेल आणि त्यांच्या जर्मनीतील सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास सकाळ-संध्याकाळ हुंगायचे असतात. प्रत्येक वास झाकणाच्या वेगळ्या बाटलीत ठेवून पंधरा-वीस सेकंद सावकाश हुंगावा आणि तो पूर्वी कसा येत असे ते मनात आणावे. किमान १२ आठवडे खंड पडू देऊ नये. निलगिरीचे तेल नाकात घालू नये किंवा पिऊ नये. निपाणीकडच्या तंबाखूच्या मुलखात राहून हे सांगणे जड जाते, पण या काळात तपकीर आणि विडी बंदच ठेवावी.

वास परतताना काहींना कांदा, लसूण, कॉफी आणि अंडे यांचा सडल्यासारखा वास येऊ लागतो. तेव्हा गरम फोडणीऐवजी गार दहीभात आणि फळे द्यावीत, कारण गार पदार्थातून वास कमी उठतो. सर्दी नसताना वास एकाएकी गेला, एकाच नाकपुडीचा गेला, डोक्याला मार लागल्यावर गेला किंवा काही आठवड्यांत सुधारणा दिसली नाही, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.