तोंडाला वास का येतो आणि तो कसा घालवावा

तोंडाला वास येतो असे लक्षात आलेला माणूस बहुधा दातांच्या डॉक्टरकडे जात नाही. तो नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन पोट साफ होण्याचे चूर्ण मागतो. पोट बिघडले की तोंडाला वास येतो हे आपण लहानपणापासून ऐकत आलो असलो, तरी त्यात तथ्य फार थोडे आहे. अन्ननलिका ही उघडी चिमणी नव्हे. घास गिळताना किंवा ढेकर येताना तेवढी ती उघडते, एरवी मिटलेली असते, त्यामुळे जठरातला वास दिवसभर तोंडावाटे येत राहणे सहसा घडत नाही. कायम राहणाऱ्या दुर्गंधीचा उगम सुमारे ८० ते ९० टक्के लोकांत तोंडातच असतो. म्हणून चूर्णावर महिने घालवण्याआधी आरशासमोर उभे राहून जीभ बाहेर काढावी.

जिभेच्या मागच्या भागावर पिवळट-पांढरा थर दिसला, तर बहुतेक वेळा शोध तिथेच संपतो. मेलेल्या पेशी, अन्नाचे कण आणि नाकामागून घशात उतरणारा शेंबूड यांचा तो थर असतो. प्राणवायूशिवाय जगणारे जंतू त्यातली प्रथिने फोडतात आणि त्यातून गंधकाची संयुगे तयार होतात. त्यांपैकी हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो, तर मिथाइल मरकॅप्टनला नासलेल्या कोबीचा. लाळ हे सारे सतत धुऊन नेते, पण झोपेत ती फारच कमी सुटते. सकाळी उठल्यावर प्रत्येकाच्याच तोंडाला वास येतो तो यामुळे, आणि दात घासून नाश्ता झाल्यावर तो गेला तर काळजीचे काही कारण नाही.

स्वतःचा वास स्वतःला कळणे मात्र कठीण आहे. मासळी बाजारात शिरल्यावर काही मिनिटांत वास जाणवेनासा होतो, तेच इथेही होते. ओंजळीत फुंकर मारून फारसे काही हाती लागत नाही. त्याऐवजी मनगटाची आतली बाजू चाटावी, दहाएक सेकंद वाळू द्यावी आणि हुंगावी; किंवा जिभेच्या मागच्या भागावरून चमचा हलकेच ओढून त्यावरचा थर हुंगावा. दाढांच्या फटींतून दातांचा दोरा, म्हणजे फ्लॉस, एकेका फटीत वेगळा फिरवून पाहिल्यास वास नेमका कोणत्या दाढेपाशी आहे हेही कळते. तरीही सर्वांत खरी परीक्षा घरातल्या माणसाचीच: बायकोला, नवऱ्याला किंवा बहिणीला सरळ विचारावे, आणि तेही सकाळी उठल्या उठल्या नव्हे, तर दुपारी किंवा संध्याकाळी.

जीभ साफ करणे ही आपल्याकडची जुनीच सवय आहे. चाळीच्या गॅलरीत सकाळी दोन बोटे घशात घालून खाकरणाऱ्या काकांचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ती नव्याने सांगायला नको. फक्त बोटांनी थर पुरता निघत नाही आणि उमासे मात्र येतात. स्टीलची किंवा तांब्याची जीभ घासायची पट्टी घ्यावी, जीभ पूर्ण बाहेर काढून श्वास सोडत सोडत पट्टी शक्य तितक्या मागे टेकवावी आणि पुढे ओढावी. चार-पाच वेळा, दर वेळी पट्टी धुऊन. रक्त येईपर्यंत खरवडू नये, कारण जखमी जिभेचा उपयोग जंतूंनाच होतो.

दुसरे मोठे ठिकाण म्हणजे हिरड्या. दात घासताना रक्त येते म्हणून त्या जागी ब्रश फिरवायचाच नाही, ही फार सर्रास होणारी चूक आहे; रक्त येते ते तिथे मळ साचून हिरडी सुजल्यामुळे, आणि ब्रश टाळला की सूज वाढते. मळ कडक होऊन त्याचे कीटण झाले, की ते ब्रशने निघत नाही, दंतवैद्याकडून काढून घ्यावे लागते. त्याने दात हलायला लागतात हा समज चुकीचा आहे: कीटण निघाल्यावर त्याने भरलेल्या फटी मोकळ्या होतात, म्हणून तसे भासते एवढेच. फ्लोराइड असलेली पेस्ट, दिवसातून दोनदा, दर वेळी दोन मिनिटे, आणि त्यात रात्रीची वेळ चुकवू नये, कारण लाळेचा पहारा रात्रीच उठतो. किडलेली दाढ आणि अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवरची हिरडीची झडप हीही अन्न अडकण्याची ठिकाणे आहेत. घरात कवळी वापरणारे वडीलधारे असतील, तर ती रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवण्याची आठवण त्यांना करावी.

मुंबईकराच्या दिनक्रमात आणखी एक कारण दडलेले आहे, आणि ते म्हणजे कोरडे तोंड. डोंबिवलीहून किंवा विरारहून सकाळची गाडी पकडून चर्चगेट-सीएसएमटीकडे येणाऱ्या अनेक बायका वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने पाणीच पीत नाहीत. दुपारपर्यंत पोटात दोन कटिंग चहा असतात आणि तोंडात लाळ नसते. हा दोष त्यांच्या दातांचा नव्हे, शहराचा आहे. निदान घोट घोट पाणी पीत राहावे आणि काही खाल्ल्यावर खळखळून चूळ भरावी. ॲलर्जीच्या, नैराश्यावरच्या आणि रक्तदाबावरच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडे पडते. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. उपवासाच्या दिवशी येणाऱ्या वासामागेही कोरडेपणा असतो, शिवाय शरीर चरबी जाळू लागल्यावर बनणारी कीटोन द्रव्ये श्वासात उतरतात.

वडापावातल्या लसणाच्या चटणीचे गणित वेगळे आहे. लसणातले एक गंधकयुक्त द्रव्य रक्तात मिसळून फुप्फुसांवाटे बाहेर पडते, त्यामुळे कितीही दात घासले तरी वास काही तास राहतोच. त्याच जेवणाबरोबर कच्चे सफरचंद किंवा पुदिन्याची पाने खाल्ली तर तो बराच कमी होतो.

माउथवॉशवर फार विसंबू नये. अल्कोहोल असलेल्या द्रावणाने तोंड आणखी कोरडे पडू शकते. क्लोरहेक्सिडीनचे ०.२ टक्के द्रावण जंतूंवर चांगले चालते, पण ते डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरू नये, कारण दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते. बडीशेप, लवंग, वेलची वास झाकतात. साखरेच्या गोळ्या मात्र किडीलाच खाऊ घालतात, त्यापेक्षा साखरविरहित च्युइंगम बरे, कारण चघळल्याने लाळ सुटते. वास झाकण्यासाठी सुपारी, गुटखा किंवा दात घासण्यासाठी मिश्री वापरणाऱ्यांनी ती सोडावीच. त्याने हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट मिळते. राज्यात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, हे टपरीकडे पाहून कुणाला खरे वाटणार नाही.

एवढे करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर दंतवैद्याकडे जावे. खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. तोंड निर्दोष निघाले, तर पुढची पायरी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची: जुनाट सायनस किंवा टॉन्सिलच्या खळग्यांत साठणारे पांढरट, अतिशय घाण वासाचे खडे. ते पिनेने टोकरून काढू नयेत. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण स्राव येत असेल, तर नाकात मणी किंवा वाटाणा अडकला आहे का ते आधी बघून घ्यावे. मधुमेही माणसाच्या श्वासाला फळासारखा गोडसर वास येऊन उलट्या आणि धाप सुरू झाली, तर थेट रुग्णालय गाठावे. श्वासाला अमोनियासारखा वास येत राहिल्यास मूत्रपिंडांची तपासणी करून घ्यावी.

काही जणांना घरचे आणि डॉक्टर दोघेही वास नाही म्हणून सांगतात, तरी ते हातरुमाल तोंडावर धरून लोकांपासून दूर उभे राहतात. त्यांना चौथ्या माउथवॉशची नव्हे, मानसोपचारतज्ज्ञांची मदत लागते. आणि वास खरोखरच येणाऱ्या सहकाऱ्याला सांगायचे झाले, तर टेबलावर पुदिन्याच्या गोळ्या सरकवून सुचवू नये. एकट्याला बाजूला घेऊन, "राग मानू नका, पण एकदा हिरड्या दाखवून घ्या," असे म्हणावे, आणि जवळचा दंतवैद्य माहीत असेल तर त्याचा नंबरही लगेच द्यावा.