कोलोमिय्का, १२० बीपीएम आणि एआय : युक्रेनी लोकगीताचा नवा ट्रॅक कसा बांधायचा

युक्रेनी लोकगीतावर इलेक्ट्रॉनिक ट्रॅक करायचा असेल, तर 'युक्रेनी गाणं बनव' हे काम एआयला सांगू नये. गाणं तयार करून देणाऱ्या टूलला नुसतं 'युक्रेनियन फोक' लिहून दिलं की बहुतेक वेळा अकॉर्डियन, बलालायकासारखी तार आणि सगळ्या पूर्व युरोपला लागू पडेल अशी उदासी बाहेर येते. बलालायका तर रशियन वाद्य. युक्रेनची वाद्यं म्हणजे अनेक तारांचा बांदुरा, चाक फिरवून वाजवायची लिरा, सोपिल्का नावाची बासरी, त्सिंबाली (आपल्या संतूरच्या जातीची) आणि डोंगरातली लांबलचक त्रेम्बिता. एआयकडून तीनच कामं घ्यावीत: आवाज वेगळा काढणं, सूर टिपणं आणि मागचा ठेका-पोत पुरवणं. गाणारा गळा मात्र खराच हवा.

गाणं कोणतं घ्यावं

पहिल्यांदा करताना कोलोमिय्का घ्या. पश्चिम युक्रेनमधल्या कोलोमिया शहरावरून हे नाव पडलं. कार्पेथियन डोंगरातल्या हुत्सुल लोकांत हा प्रकार फार चालतो. अभंगात जशी ६-६-६-४ अशी अक्षरं मोजतात, तशी इथे ओळ १४ अक्षरांची, ४+४+६ अशी. ताल २/४. पहिली बारा अक्षरं अर्ध्या अर्ध्या बीटची आणि शेवटची दोन पूर्ण बीटची:

तकतक | तकतक | तकतक | ता ता

म्हणजे एक ओळ बरोबर आठ बीट, ४/४ च्या दोन बारमध्ये (एक बार म्हणजे चार बीट) चपखल. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० बीट) ती चार सेकंदांत संपते. हाउस किंवा टेक्नो या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या ग्रिडवर ती जवळजवळ न ओढता-ताणता बसते.

व्हेस्न्यान्का, म्हणजे वसंतात गायची बायकांची गाणी, जास्त देखणी पण अवघड. ओळीच्या शेवटी मोकळ्या रानात हाळी दिल्यासारखा वर फेकलेला आवाज असतो, त्याला 'हुकान्न्या' म्हणतात. तो कुठल्याही बीटवर संपत नाही. कीव्हच्या गो-ए बँडनं २०२१ च्या युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेत वसंतगीताचा धागा आणि टेक्नो एकत्र आणले, तेव्हा सुरुवातीचा ठेका सावकाश ठेवून शेवटाकडे वेग चढवला. मोकळ्या गाण्याला एकाच वेगात न कोंबण्याचा तो एक चांगला मार्ग आहे. मयतावर गायचे विलाप मात्र नाचाच्या ठेक्यावर घेऊ नयेत. तंत्राला ते जमेल, गाण्याला नाही.

रेकॉर्डिंगसाठी 'पॉलिफनी प्रोजेक्ट' हे ऑनलाइन संग्रहालय आधी पाहा. युक्रेनच्या खेड्यापाड्यांतली समूहगीतं तिथे प्रत्येक गायिकेला वेगळा माइक देऊन टिपलेली आहेत, त्यामुळे एकेक आवाज सुटा ऐकता येतो. कोण कुठला सूर धरतं, वरचा स्वर कोण उचलतं, हे कळायला याहून चांगली शिकवणी नाही. ट्रॅकमध्ये वापरायचं असेल तर परवानगीच्या अटी आधी वाचा. गाणं पारंपरिक असलं तरी रेकॉर्डिंग कुणाचं तरी असतंच.

आवाज सुटा करणं

सुटे आवाज मिळाले नाहीत तर 'अल्टिमेट व्होकल रिमूव्हर' हे मोफत सॉफ्टवेअर आपल्याच कॉम्प्युटरवर टाका आणि त्यातलं डेमक्स या आवाज वेगळे काढणाऱ्या एआयचं चौथ्या आवृत्तीचं, नावाच्या शेवटी 'एफटी' असलेलं मॉडेल निवडा. ते साध्या मॉडेलपेक्षा साधारण चौपट वेळ घेतं, पण गळ्याची किनार स्वच्छ ठेवतं. फाइल ४४.१ किलोहर्ट्झची वेव्ह (WAV) द्या. एमपीथ्रीमध्ये वरच्या पट्टीत झालेली मोडतोड वेगळं काढल्यावर पाण्याच्या बुडबुड्यांसारखी ऐकू येते.

गडबड कुठे होते? मॉडेलकडे चारच खोके आहेत: ड्रम, बेस, आवाज आणि 'इतर'. ते शिकलंय पाश्चात्त्य पॉपवर. त्सिंबालीचा टोला त्याला ड्रम वाटतो, सोपिल्का आवाजाच्या खोक्यात शिरते आणि लिराची अखंड घरघर बेस आणि आवाज यांत वाटली जाते. म्हणून नुसती आवाजाची फाइल उचलून पुढे जाऊ नका, चारही ऐका. गायिका श्वास घेते त्या जागी उरलेली सोपिल्का हातानं कापा. शब्दांखाली राहिलेली तशीच सोडा. ती काढायला दुसऱ्यांदा मॉडेल चालवलं तर व्यंजनं बोथट होतात.

फिलारेत कोलेस्सा यांनी १९०८ मध्ये फोनोग्राफच्या मेणनळ्यांवर कोब्झारांची (वाद्यावर गाणाऱ्या फिरत्या गायकांची) 'दुमा' नावाची कथनगीतं टिपली. तेवढ्या जुन्या रेकॉर्डिंगवर हे मॉडेल चालवण्यात अर्थ नाही. खरखर आणि गळा एकाच अरुंद पट्टीत अडकलेले असतात. ते एकतर खरखरीसकट पोत म्हणून वापरा किंवा आजच्या गायकाकडून नव्यानं गाऊन घ्या.

सूर जुळवणं : सिंथ हलवा, गळा नव्हे

बहुतेक ट्रॅक इथेच बिघडतात. खेड्यातली गायिका ए ४४० ला (ए हा सूर ४४० हर्ट्झवर, या प्रमाण पट्टीला) बांधलेली नसते. ट्यूनरवर तिचा षड्ज मोजा. समजा तो डी पेक्षा ३५ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) खाली आला, तर सगळ्या सिंथचं (सिंथेसायझरचं) मास्टर ट्यूनिंग ३५ सेंट उतरवा, म्हणजे ए साधारण ४३१.२ हर्ट्झवर येईल. ऑटोट्यून, म्हणजे सूर आपोआप सरळ करणारं टूल, लावू नका. कित्येक गाण्यांत गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे असतो. मशीन त्याला एका बाजूला ढकलतं आणि गाणं तिथेच मरतं.

साथीविना गाणारा समूह कडव्यागणिक चढतोही. पहिल्या आणि शेवटच्या कडव्याचा षड्ज मोजा. पाच कडव्यांच्या गाण्यात ४० सेंटचा फरक असेल तर ड्रोन (मागे अखंड धरलेला सूर) पुढच्या प्रत्येक कडव्याला दहा सेंट चढवा. ऐकणाऱ्याला कळत नाही.

दुमा आणि बऱ्याच हुत्सुल चालींची स्वरपट्टी मराठी कानाला लवकर उमगेल: कोमल गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत, कोमल निषाद. मधुवंतीचा निषाद कोमल केला की जवळपास तिथे पोचतो. कर्नाटक संगीतात याच स्वरांचा हेमवती आहे. डी पासून: डी, ई, एफ, जी शार्प, ए, बी, सी. आता यामागे एआयनं हमखास दिलेली डी मायनर–जी मायनर अशी कॉर्डची जोडी ठेवून पाहा. जी मायनरमधला जी गायिकेच्या तीव्र मध्यमाशी भांडतो, बी फ्लॅट धैवताशी. म्हणून कॉर्ड नकोतच. तानपुऱ्यासारखा षड्ज-पंचम धरा. लिरा तरी दुसरं काय करते!

ताल लावणं

वॉर्पच्या (रेकॉर्डिंग ओढून-ताणून ठेक्यावर बसवण्याच्या) खुणा फक्त ओळीच्या पहिल्या अक्षरावर लावा. प्रत्येक अक्षरावर लावल्या की गाणं यंत्रासारखं चालायला लागतं. वेग आठ-दहा टक्क्यांपेक्षा जास्त बदलू नका. त्यापुढे लांब स्वर थरथरतात. गाणं १०८ ला असेल तर त्याला १२० वर ओढण्याऐवजी ट्रॅकच ११२ ला करा.

चाल मिडीत घेणं

सिंथनं तीच चाल वाजवावी असं वाटलं तर ती मिडीत, म्हणजे सुरांच्या डिजिटल नोंदीत, उतरवावी लागते. त्यासाठीचं 'बेसिक पिच' हे टूल ब्राउझरमध्येच चालतं. एका वेळी एकच आवाज द्या. एकट्या गायिकेसाठी सुराची मर्यादा १५० ते ७०० हर्ट्झ आणि किमान लांबी १२० मिलिसेकंद ठेवा. छातीतून येणाऱ्या या उघड्या, खड्या आवाजाला तिकडे 'पांढरा आवाज' म्हणतात. त्यातले उपस्वर इतके जोरकस असतात की मर्यादा न घातल्यास वरच्या सप्तकात भुताटकीच्या नोटा उमटतात. पिच बेंड (सूर सरकल्याची नोंद) चालू ठेवा, नाहीतर मींड गळते.

मागचा पोत

'म्यूझिकजेन' या संगीत तयार करणाऱ्या एआयला चाल ऐकवून पुढचं संगीत मागता येतं, पण आत ती चाल बारा अर्धस्वरांच्या खोक्यांत मोजली जाते. मधला गंधार, मींड, सप्तक सगळं तिथेच गळतं. त्यामुळे चाल देऊ नका, शब्दच द्या: वेग १२०, डी वर स्थिर ड्रोन, चौकटीचा डफ, खोल सब-बेस, वाद्यं मोजकीच. 'व्हायोलिन नको' असं लिहू नका. नको म्हटलेलं वाद्यच पुष्कळदा हजर होतं. तीस-तीस सेकंदांचे दहा-बारा नमुने काढा आणि चार बारचा, म्हणजे आठ सेकंदांचा, चांगला तुकडा शोधा. वेग सांगितला तसाच येत नाही, मोजून मगच लूप करा. आउटपुट ३२ किलोहर्ट्झचं असल्यानं १६ किलोहर्ट्झच्या वर काहीच नसतं, म्हणून हाय-हॅट आपला वेगळा टाका.

मिक्सिंगमध्ये पांढऱ्या आवाजाला अडीच ते चार किलोहर्ट्झमध्ये जागा मोकळी ठेवा. सिंथ तिथे तीन डेसिबल कापा, गळ्याला हात लावू नका. रिव्हर्ब (घुमारा) लहान. हे गाणं अंगणातलं, चर्चमधलं नाही.

प्रकाशित करण्याआधी

म्यूझिकजेनच्या मॉडेलचा परवाना बिगर-व्यावसायिक आहे. ट्रॅकमधून पैसे घ्यायचे असतील तर ते तुकडे ऐकून ठेका स्वतः नव्यानं वाजवा. संग्रहातली रेकॉर्डिंग ऑनलाइन जनरेटरवर चढवू नका. गायिकांनी त्याला होकार दिलेला नसतो. वर्णनात गाव, प्रांत, गाणाऱ्यांची नावं, रेकॉर्डिंगचं साल, संग्राहक आणि कुठल्या टप्प्यावर कोणतं एआय वापरलं, हे लिहा. गाण्याचा ऋतूही लिहा. श्चेद्रिव्का हे लोकगीत नववर्षाच्या आदल्या संध्याकाळचं असतं, ते जूनमध्ये टाकलंत तर युक्रेनी श्रोता पहिल्या कमेंटमध्ये तेच विचारेल.