लाकडी आरसी (रिमोटने चालणारी) बोट: डेक चिकटवण्याआधीची कामं

आराखडा आवडला की हात लगेच प्लायवुडकडे जातो. त्याआधी बोट किती वजन पेलणार हे काढा. पाण्याच्या रेषेवरची लांबी, रुंदी आणि बुडणारी खोली सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करा आणि साधारण आकाराच्या हलसाठी, म्हणजे बोटीच्या धडासाठी, त्याचं निम्मं धरा. ८० × २२ × ७ म्हणजे १२,३२०. त्याचं निम्मं ६,१६० घन सेंटिमीटर. गोड्या पाण्यात ही बोट सहा किलोच्या आसपास पेलेल. लाकूड, रंग, मोटर, बॅटरी, सगळं यातच बसवायचं. आराखडा निम्म्या मापाने काढला तर पेलायचं वजन निम्मं नाही, आठव्या हिश्श्यावर येतं. छोटी बोट पहिल्याच दिवशी डेकपर्यंत (वरच्या पृष्ठभागापर्यंत) बुडते, ती बहुतेकदा हा हिशेब चुकल्यामुळे.

या आकाराला कील (तळाचा कणा) ६ मिमी प्लायची आणि फ्रेम (आडव्या फासळ्या) ४ मिमीच्या पुरतात. फ्रेममधलं अंतर ६ ते ७ सेंमी ठेवा, नाळेकडे (पुढच्या टोकाकडे) वळण तीव्र असतं म्हणून तिथे ४ सेंमी. बांधणी सपाट, न वाकणाऱ्या फळीवर उलटी करा. फळीवर मधली रेष आखून प्रत्येक फ्रेम गुण्याने तपासा. मग एक लवचीक पट्टी चार-पाच फ्रेमवर आडवी धरून बघा. ती प्रत्येक फ्रेमच्या पूर्ण जाडीला टेकली पाहिजे, नुसत्या कडेला नाही. टेकत नसेल तिथे फ्रेमची कड सॅंडपेपरने तिरकी करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे वाचवलेला वेळ पुढे दुप्पट पुट्टीत जातो.

फ्रेमवर चिकटवायच्या पट्ट्या ६ × २ मिमीच्या घ्या. एक डावीकडे लावली की पुढची उजवीकडे. एकच बाजू आधी पूर्ण केली तर वाकवलेल्या पट्ट्यांच्या ताणाने सांगाडा पिळतो, आणि पिळलेला हल पुन्हा सरळ होत नाही. पुढच्या टोकाला प्रत्येक पट्टी निमुळती करा, मात्र मूळ रुंदीच्या निम्म्याहून कमी नको. जास्त वळणाची पट्टी वीस मिनिटं गरम पाण्यात भिजवून जागेवर पिनांनी अडकवा, पूर्ण वाळू द्या आणि मगच गोंद लावा. ओली चिकटवलेली पट्टी वाळताना आकसते आणि सांध्यात फट पडते. गोंद पाण्याला टिकणारा हवा.

सगळ्यात जास्त वेळ शाफ्टच्या (मोटरपासून प्रोपेलरपर्यंतच्या दांड्याच्या) नळीला द्या. मोटर आणि शाफ्ट एका रेषेत नसतील तर बोट घरघरते, करंट वाया जातो आणि बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती खोळ) झिजून पाणी आत येतं. सोपा उपाय असा: मोटरचा दांडा आणि शाफ्ट दोन्हींवर घट्ट बसेल अशी पितळी नळी तात्पुरती जोडा, त्या स्थितीत मोटरचा माउंट इपॉक्सीने पक्का करा, आणि इपॉक्सी सुकल्यावर नळी काढून युनिव्हर्सल जॉइंट (दोन दांडे जोडणारा वळता सांधा) घाला. आता प्रोपेलर बोटाने हलकेच फिरवा. फेरीत एखाद्या जागी अडखळल्यासारखं वाटलं तर रेष अजून चुकते आहे किंवा शाफ्ट वाकलेला आहे. शाफ्टला पुढे-मागे अर्धा मिमी मोकळीक ठेवा, ग्रीस भरा. नळीचं आतलं टोक आणि रडरच्या (सुकाणूच्या) नळीचं वरचं टोक शक्यतो पाण्याच्या रेषेच्या वर असावं.

हलला बाहेरून हलकं ग्लासक्लॉथ (काचतंतूचं कापड) आणि इपॉक्सी रेझिन द्या. आतूनही रेझिनचा एक हात हवाच, कारण आतलं उघडं लाकूड थेंबाथेंबाने पाणी पितं आणि पट्ट्या फुगून बाहेरचा रंग तडकतो. रेझिन सुकल्यावर पृष्ठभाग चिकट-मेणचट लागला तर आधी पाण्याने धुवा, मग घासा.

डेक अजून चिकटवू नका. सगळं सामान जागेवर ठेवून बोट टबात सोडा. हाताने धरून पूर्ण थ्रॉटल द्या आणि अँपिअर मोजा. ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारं सर्किट) या आकड्याच्या किमान दीडपट क्षमतेचा घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ लावा. मोटर तापत असेल तर प्रोपेलर लहान करा. शिशाच्या पिशव्या तळाशी सरकवत बोट रेषेवर आणा. मग कडेला बोटाने दाबून सोडा. झटकन सरळ झाली तर ठीक. रेंगाळत उठत असेल तर वरची केबिन जड आहे, ती १ मिमी प्लायने पुन्हा करा. शिसं शेवटी चिकटवून टाका, कारण वळणावर सरकलं तर बोट कलंडते.

२.४ गीगाहर्ट्झचे सिग्नल पाण्यातून जात नाहीत, म्हणून रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या रेषेच्या वर चिकटवा. फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर लागू होणारी सेटिंग) थ्रॉटल शून्यावर ठेवा. डेकवरच्या हॅचला (झाकणाच्या तोंडाला) निदान १२ मिमी उंच कड द्या आणि हॅच इतकी मोठी ठेवा, की जॉइंट व रडरच्या आर्मपर्यंत हात पोचेल.

पहिल्यांदा पाण्यात सोडताना शाफ्ट आणि रडरच्या दोन्ही नळ्यांखाली टिश्यूची एकेक घडी ठेवा. दहा मिनिटांनी हॅच उघडा. जी घडी ओली, तिथली नळी पुन्हा बसवा.