युरोपियन वाईनचं लेबल वाचताना या चुका टाळा

नाशिकच्या वाईनवर शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ अशी द्राक्षाच्या वाणांची नावं ठळक छापलेली असतात. त्याच सवयीने आपण फ्रान्स-इटलीच्या बाटलीवरही वाण शोधतो, आणि तो बहुधा सापडत नाही. लेबलवर असतो तो प्रदेश. कुठल्या प्रदेशात कोणता वाण चालेल हे तिथल्या नियमांनीच ठरवलेलं असतं. फ्रान्समध्ये ही चौकट 1935 पासून आहे. लेबलवर शाब्ली हा प्रदेश असेल तर वाण निव्वळ शार्दोने, बारोलो म्हणजे नेबिओलो, किआंतीत किमान 70 टक्के सांजोव्हेझे. आपल्याकडची शेनिन ब्लाँ आवडत असेल तर लुआर नदीकाठची वूव्रे जरूर मागा, वाण तोच आहे.

सगळ्यात जास्त फसगत होते ती सारख्या नावांत. पुयी-फ्युमे आणि पुयी-फ्युइसे या दोन्ही पांढऱ्या वाईन, पण पहिली लुआरकाठची सोव्हिन्यों ब्लाँ, तर दुसरी फ्रान्सच्याच बर्गंडी प्रदेशातली शार्दोने. मोन्तेपुल्चानोचा घोळ त्याहून मोठा. 'विनो नोबिले दी मोन्तेपुल्चानो' मध्ये ते तोस्कानातलं गाव आहे आणि वाईन मुख्यतः सांजोव्हेझेची. 'मोन्तेपुल्चानो द'आब्रुत्सो' मध्ये मात्र मोन्तेपुल्चानो हा वाण आणि आब्रुत्सो हा प्रदेश. इटालियन लेबलवर अशा नावात 'दी' किंवा 'द' नंतर जे येतं ते ठिकाण, एवढं पाहिलं तरी गोंधळ मिटतो. बार्बेरा द'आस्तीसुद्धा तशीच वाचायची.

बर्गंडीत चूक महागात पडते. तिथल्या जेव्रे गावाने 1847 मध्ये आपल्या शिवारातल्या शांबेर्तँ या नामांकित मळ्याचं नाव स्वतःला जोडून घेतलं. त्यामुळे जेव्रे-शांबेर्तँ ही गावाची वाईन, तर नुसती शांबेर्तँ ही ग्राँ क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या मळ्याची. दोन्हींच्या किमतीत प्रचंड तफावत असते. पैसे देण्याआधी लेबलवरची बारीक अक्षरातली ओळ वाचा: 'आपेलास्यों' (नाव) आणि 'कोंत्रोले' (नियंत्रित) या फ्रेंच शब्दांमध्ये जे नाव असेल, त्याच नावाची हमी तुम्हाला मिळते.

फ्रान्सच्या बोर्दो प्रदेशाची तांबडी वाईन एकाच वाणाची असेल असं धरून चालू नका. तिथे मिश्रणाचीच परंपरा आहे: मेदोकच्या बाजूला काबर्ने सोव्हिन्योंचा जोर, सेंत-एमिलियों आणि पोमरोलकडे मर्लोचा. लेबलवरचं 'ग्राँ व्हँ' (थोर वाईन) पाहून भुलूही नका, ती काही सरकारी श्रेणी नव्हे.

आणि लुआरकाठची सांसेर मागवताना रंग सांगा. पांढरी सोव्हिन्यों ब्लाँची असते, पण त्याच नावाने पिनो न्वारची तांबडीही येते. वाणाचं नाव वाचूनच घ्यायचं असेल तर फ्रान्सच्या अल्सासची बाटली बघा, तिथे रीसलिंग, गेवुर्त्सत्रामिनर असं बहुधा सरळ लिहिलेलं असतं.