चांगला माणूस कामाला विटू लागला की आधी काय तपासावं

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत एखादा कसलेला ऑपरेटर गप्प गप्प राहू लागला, की ‘घरचं काहीतरी असेल’ म्हणून विषय मिटतो. असेलही. पण आधी ओव्हरटाइमचं रजिस्टर उघडा.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून केली नाही. कामाच्या ठिकाणचा ताण नीट न हाताळल्याने येणारी अवस्था म्हणून केली. तिची तीन लक्षणं: गळून जाणं, कामाबद्दल तुटकपणा आणि ‘आपल्याच्यानं होत नाही’ ही भावना. तुटकपणा मशीनवर लवकर दिसतो. पहिला पीस मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय लॉट न सोडणारा माणूस न मोजताच मशीन चालू करतो. फिक्स्चरवरून, म्हणजे जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनावरून, वाद घालणारा आता ‘तुम्ही म्हणाल तसं, साहेब’ एवढंच म्हणतो. सुपरवायझरला हे बरं वाटतं, तिथेच गफलत होते.

मागच्या तीन महिन्यांची हजेरी घ्या. सलग तीन आठवडे ओव्हरटाइम, बुडालेली साप्ताहिक सुटी, पडून राहिलेली रजा, यांवर खूण करा. बहुधा तीच दोन-चार नावं पुन्हा पुन्हा येतील, कारण अडलं की भरवशाच्या माणसालाच थांबवलं जातं. आठवड्याला 48 तासांची मर्यादा आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर कायद्यातच आहे. पण दुप्पट पैशाने झोप भरून निघत नाही. त्या प्रत्येकाच्या मशीनवर दुसरा माणूस तयार करा. सेटिंग शिकवायला लागणारा वेळ प्लॅनिंगमध्येच धरा, नाहीतर तो भारही त्या थकलेल्या माणसाच्याच डोक्यावर बसतो.

पाळ्या पहिली, दुसरी, तिसरी अशाच क्रमाने फिरवा. उलट्या फिरवल्या की शरीराला जुळवून घेणं जड जातं. दोन पाळ्यांत निदान 11 तासांचं अंतर हवं. दुसरी पाळी रात्री साडेअकराला सुटली आणि माणूस सिन्नरहून येणारा असेल, तर सकाळी सातला त्याला बोलावणं म्हणजे जेमतेम पाच तासांची झोप.

मग त्याच्याशी बोला, पण शॉप फ्लोअरवर नको आणि ‘काय झालंय?’ असंही विचारू नका. ‘तुमच्याकडचं कोणतं काम आधी काढून घेऊ?’ असं विचारा आणि त्यातलं एक त्याच आठवड्यात खरंच काढा. योगाचं सत्र, सहल वगैरे नंतर. थकवा टिकलाच तर डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर तपासून घ्यायला सांगा. मन फारच खचलं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

रजेवरून परतल्यावर पहिला आठवडा ओव्हरटाइम लावू नका.