संस्थेची ऑर्डर हातात घेण्याआधी हे वाचा

डीएड (शिक्षक पदविका), टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), टेट (शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी), पवित्र पोर्टल (सरकारची ऑनलाइन शिक्षकभरती) हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते, त्यावर यूट्यूबला तासातासाचे व्हिडिओ पडलेत. मला बोलायचंय ते एका कागदाबद्दल, खाजगी शाळेच्या संस्थेने मागची तारीख टाकून दिलेल्या नेमणुकीच्या ऑर्डरबद्दल. त्या कागदापायी माझी चार वर्षं गेली आणि बाबांनी एलआयसीवर कर्ज काढून दिलेले दोन लाख गेले.

माझं डीएड २०१२ चं. म्हणजे नेमकं त्याच वर्षीचं, ज्या वर्षी २ मे ला सरकारने शिक्षकभरतीवर बंदी आणली. मग २०१३ च्या फेब्रुवारीत जीआर (शासन निर्णय) आला की पहिली ते आठवीसाठी टीईटी पाहिजेच, आणि पहिली टीईटी झाली त्याच वर्षी डिसेंबरात. मधल्या काळात आमच्यासारख्यांनी काय करायचं हे कोणी सांगेना. रोज पेपरात कुठला ना कुठला नेता म्हणायचा की बंदी उठणार, आणि आम्ही मैत्रिणी ती कात्रणं जपून ठेवायचो. हसू नका, तुम्हीही आत्ता व्हॉट्सअॅपवर तेच करून राहिले.

२०१३ च्या जूनमध्ये नागपूरजवळच्याच एका अनुदानित शाळेत ओळखीने गेले. संस्थाचालक म्हणाले, पोरी, बंदीचं टेन्शन नको, टीईटीची पण भानगड नाही. कारण ऑर्डरवर तारीख होती एप्रिल २०१२! बंदीच्या आधीची. मला तेव्हा ते हुशारीचं वाटलं, हे कबूल करते. मग दोन संध्याकाळ ऑफिसात बसवून माझ्याकडून मागच्या वर्षभराच्या हजेरी मस्टरवर सह्या करून घेतल्या, आणि बाबूने समोर तीन पेनं ठेवली, निळं, काळं आणि एक जरा फिक्कट चालणारं, म्हणे महिन्यागणिक बदलत जा, एकसारखं दिसायला नको. मी बदलत गेले. दिवाळीच्या सुट्टीच्या तारखांवरही सह्या ठोकल्या, तेव्हा त्यानेच थांबवलं.

आता ट्रॅप नीट समजून घ्या, हे मी दोनदा सांगणार आहे. खाजगी अनुदानित शाळेत संस्था ऑर्डर देते, पण पगार सरकार देतं. त्यामुळे ऑर्डरनंतर तुमचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो, तिथून तुमच्या नेमणुकीला वैयक्तिक मान्यता मिळते. मान्यतेनंतर शिक्षण उपसंचालक कार्यालयातून शालार्थ आयडी, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन पगारप्रणालीतला तुमचा नंबर. तो आला की पगारबिलात नाव. ऑर्डर, मान्यता, शालार्थ, पगार. यातलं संस्थेच्या हातात फक्त पहिलं. बाकीच्या तिन्हींचं ते फक्त आश्वासन देऊ शकतात, आणि पैसे मात्र पहिल्याच पायरीवर घेतात. शिवाय पद मुळात आहे की नाही हे संच मान्यतेवर ठरतं, म्हणजे पटावरून सरकार शाळेला किती पदं मंजूर करतं त्यावर. पटसंख्या घसरली की पद गेलं, मग तुमची ऑर्डर सोन्याच्या कागदावर असली तरी काय उपयोग.

माझा प्रस्ताव त्रुटी लागून परत यायचा, पुन्हा जायचा, पुन्हा यायचा. तिसऱ्यांदा मी स्वतः शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात गेले. टेबलावरच्या वयस्कर बाबूंनी काही न बोलता दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. ऑर्डर, एप्रिल २०१२. डीएडची गुणपत्रिका, जून २०१२. म्हणाले, मॅडम, पास व्हायच्या आधीच लागलात का नोकरीला? एवढ्या लोकांच्या हातातून ती फाईल गेली, संस्थेचे सल्लागार, हेडमास्तर, मी, आणि हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी जिना उतरून स्कूटीवर बसले आणि अर्धा तास तशीच बसून राहिले.

तरी सोडली नाही शाळा! २०१७ पर्यंत बिनपगारी शिकवलं, कारण दोन लाख अडकले होते आणि दर हिवाळी अधिवेशनाला आशा वाटायची. डिसेंबरात नागपूरच्या यशवंत स्टेडियमवरून शिक्षकांचा मोर्चा निघायचा, पोलीस अडवायचे, शिष्टमंडळ विधानभवनात जाऊन परत यायचं आणि सांगायचं की चर्चा सकारात्मक झाली. सकारात्मक या शब्दाची मला अजून ॲलर्जी आहे. विनाअनुदानितवाल्यांचे हाल तर अजून वेगळे, त्यांच्या शाळांपुढचा 'कायम' (म्हणजे अनुदान कधीच नाही) हा शब्द २००९ ला काढला आणि अनुदान वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्याने देत बसले. आणि एक गंमत सांगू, पहिली ते पाचवीच्या शिक्षकाला विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात मतच नसतं, तो माध्यमिक आणि वरच्यांसाठी. २०२३ ला आपल्या नागपूर शिक्षक मतदारसंघात अडबाले सर तेव्हाचे आमदार गाणार सरांना हरवून निवडून आले ते जुन्या पेन्शनच्या मुद्द्यावर, आम्ही प्राथमिकवाले गॅलरीत.

पवित्र पोर्टलला लोक खूप शिव्या घालतात. घाला, साइट चालत नाही तेव्हा मीही घालते. पण २०१७ ला तावडे शिक्षणमंत्री असताना ते आलं तेव्हा सगळ्यात जास्त आरडाओरडा कोणी केला ते आठवा. संस्थाचालकांनी. पुढे त्यांच्यासाठी मुलाखतीसह भरतीचा पर्याय ठेवावाच लागला. माझ्या मते त्या एका गोष्टीवरून कळतं की पोर्टल कोणाच्या पोटावर पाय देत होतं. तावडेंनंतर शेलार, गायकवाड, केसरकर, आता भुसे, इतके मंत्री झाले आणि प्रत्येकाने काहीतरी फिरवलं. हिंदीचंच बघा ना, १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून सक्तीचा जीआर, १७ जूनला त्यात बदल, २९ जूनला दोन्ही रद्द. जो शिक्षक एप्रिलपासून तयारीला लागला असेल त्याचं काय झालं असेल? म्हणून मंत्री बोलले यावर एक पाऊल उचलू नका. जीआर सरकारी साइटवर शोधा, त्यावरचा संगणक संकेतांक (जीआरचा नंबर) बघा, खाली सही बघा, आणि नंतर तो रद्द करणारा दुसरा जीआर आलाय का तेही बघा.

क्लासवाल्या गुरु लोकांबद्दल पण बोलते. जो सर म्हणतो माझी आतमध्ये ओळख आहे, त्याच्या क्लासची फी भरू नका. मला खरी मदत केली ती नागपुरातल्या बर्डीच्या अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्या एका मुलीने, ती स्वतः दोनदा टीईटी नापास झालेली. टेटला दोन तासांत दोनशे प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी मी आधी प्रश्न सोडून द्यायची. तिने रागावून ती सवय मोडली.

२०२३ ला टेट दिली, २०२४ ला यादीत नाव आलं, जिल्हा परिषदेची शाळा मिळाली. सुरुवातीची तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून, मानधन महिना सोळा हजार. बत्तिसाव्या वर्षी सोळा हजार, हो. पण पहिल्या महिन्याचा मेसेज आला तो मी आईला तीनदा वाचून दाखवला.

घाबरवायला नाही लिहिलं. पण २०२५ मध्ये नागपूर विभागातला शालार्थ घोटाळा (बोगस शिक्षकांना शालार्थ आयडी देऊन पगार काढल्याचा) बाहेर आला, अटका झाल्या, तेव्हा दोन रात्री मला झोप नव्हती. माझा तो प्रस्ताव मंजूर झाला असता तर? त्या बाबूंना तेव्हा मी मनातल्या मनात काय काय बोलले होते. कोणी तुम्हाला मागची तारीख देत असेल तर तिथून उठा, चहापण पिऊ नका.

सध्या गंमत वेगळीच आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पाच वर्षांहून जास्त नोकरी उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं लागेल. आमच्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) एक मॅडम, वीस वर्षं शिकवलेल्या, माझ्याकडून बालमानसशास्त्राच्या नोट्स घेऊन गेल्या. झेरॉक्स नको म्हणाल्या, कोणी बघेल.

बाकी प्रिपरेशनचं काय ते कमेंटमध्ये विचारा. आणि पवित्रवर शाळांचे प्राधान्यक्रम भरले की लॉक करायला विसरू नका, नुसतं सेव्ह करून झोपू नका, शेवटच्या दिवशी साइट हमखास लोळते.