स्नोबोर्डचा तळ सपाट नसेल तर: बडोद्यात बसून काय दुरुस्त होतं, काय नाही

उत्तरायण झाली की गुलमर्ग किंवा औलीला निघायचं आणि उरलेले दहा-अकरा महिने बोर्ड घरात, अशी सवय असलेल्यांनी दिवाळीनंतर लगेच बोर्डाचा तळ तपासावा. सपाटी बिघडलेली नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, बर्फावर मात्र पहिल्याच उतारावर कळते. सरळ जाताना मध्येच कड अडकून आपटायला होतं, नाहीतर वळताना कड धरतच नाही आणि बोर्ड सैल घसरत राहतो. पहिल्या प्रकारात तळ खोलगट झालेला असतो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या स्टीलच्या कडा उंच आणि मधला भाग खाली. दुसऱ्यात तो फुगीर असतो, म्हणजे मधला भाग कडांपेक्षा वर. फुगीर तळ घरी दुरुस्त होतो, खोलगट तळ बहुतेक वेळा होत नाही. म्हणून न मोजता खरवडायला बसू नका. तळाचं पॉलिइथिलीन नवं असतानाही जेमतेम सव्वा मिलिमीटर जाड असतं, आणि एकदा निघालेलं परत लावता येत नाही.

तपासणी

आधी बाइंडिंग, म्हणजे बूट अडकवायचे पट्टे-साचे, पूर्ण काढा. जास्त आवळलेले स्क्रू तळ आतून वर ओढतात आणि बरोबर स्क्रूंच्या जागी छोटे खळगे पडतात. असे खळगे स्क्रू सैल केल्यावर बरेचसे भरून येतात, त्यांच्यासाठी आख्खा तळ खरवडणं चुकीचं आहे. मग जुनं मेण प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून, ब्रश मारून साफ करा, कारण मेणाचा पातळ थरसुद्धा मोजणी फसवतो.

वेळ सकाळची निवडा. पॉलिइथिलीन तापलं की स्टीलच्या दसपटीहून जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे मे महिन्यातल्या दुपारी घेतलेलं माप डिसेंबरात खरं ठरत नाही. बडोद्यातल्या थंडीची सकाळ उत्तम. बोर्ड रात्रभर त्याच खोलीत ठेवलेला हवा.

मोजायला तीसेक सेंटिमीटरची, खरोखर सरळ धारेची स्टीलची पट्टी लागते. शाळेची फूटपट्टी चालत नाही. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) टूलरूममध्ये काम करणारं कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडची स्ट्रेट एज आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा संच) एका सकाळीपुरती मागा, इतकं चांगलं साधन बाजारात शोधूनही पटकन मिळणार नाही. गेज नसेल तर झेरॉक्सचा साधा कागद घ्या, त्याची जाडी सुमारे 0.1 मिलिमीटर असते.

बोर्ड उलटा, दोन टेकूंवर ठेवा. पट्टी आडवी धरून मागे ट्यूबलाइट किंवा टॉर्च लावा आणि नाकापासून शेपटीपर्यंत दर दहा सेंटिमीटरवर पाहा. उजेड मध्ये दिसला तर तिथे तळ खोलगट. पट्टी मध्यावर टेकून दोन्ही टोकांना उजेड दिसला, ती डुगडुगली, तर फुगीर. प्रत्येक ठिकाणी मार्करने खूण करा, नाहीतर दहा मिनिटांनी काहीच आठवत नाही. एक फसगत इथे हमखास होते. कडेला मुद्दाम एक अंशाचा उतार दिलेला असतो, आणि दोन मिलिमीटर रुंद कडेवर त्यामुळे सुमारे 0.035 मिलिमीटरची फट दिसते. ती बिघाड नाही. काही बोर्डांचं नाक आणि शेपूट कारखान्यातच नावेसारखं उचललेलं असतं, तेही बिघाड धरू नका.

मधल्या पट्ट्यात एक कागद जेमतेम सरकत असेल तर बोर्डाला हात लावू नका. कडेपासून आतले दोन-तीन सेंटिमीटर सपाट असणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण वळताना भार तिथेच येतो. नवे बोर्डही आरशासारखे सपाट नसतात.

खरवडण्याआधी फुगीर जागेवर नाण्याने ठोकून पाहा. आवाज भद्द, पोकळ आला तर तळ गाभ्यापासून सुटला आहे. तो खरवडला तर भोक पडेल. तिथे इपॉक्सी भरून, सपाट फळी ठेवून शिकंज्यात चोवीस तास दाबणं हाच इलाज.

फुगीर तळ उतरवणे

स्टीलची खरवडणी घ्या आणि तिची धार सपाट कानशीवर घासून काटकोनात चौरस करा. बोथट खरवडणी कापत नाही, नुसती घासते, आणि घर्षणाने तळाची छिद्रं बंद होऊन तो चकचकीत होतो. खरी चूक मात्र अंगठ्यांची असते. दोन्ही अंगठे मध्ये दाबले की पातळ पत्रा धनुष्यासारखा वाकतो आणि फुगवटा जाऊन त्याजागी नाली तयार होते. म्हणून पत्र्याला मागून ॲल्युमिनियमची जाड पट्टी क्लॅम्पने बांधा आणि जोर टोकांवर ठेवा. खरवडणी चालण्याच्या दिशेने किंचित झुकवा, नाकाकडून शेपटीकडे लांब, सलग हात मारा. बोर्डावर केसासारख्या बारीक वेटोळ्या सालपटांची रांग पडली पाहिजे. भुकटी पडत असेल तर धार गेली आहे, थांबा आणि पुन्हा काढा. दर दहा हातांनंतर पट्टी लावा. उजेड कागदाच्या जाडीइतका राहिला की थांबा.

मग काळा सिलिकॉन कार्बाइडचा वॉटरपेपर, आधी 120 आणि नंतर 180 नंबर, लांब सपाट ठोकळ्याला गुंडाळून फक्त एकाच दिशेने फिरवा. गोल गोल घासू नका. शेवटी हिरव्या घासणीने उभे राहिलेले तंतू काढा, पितळी ब्रश मारा. खरवडलेला तळ कोरडा असतो, त्याला किमान तीन-चार वेळा गरम मेण पाजा.

इथेच बरेच बोर्ड पुन्हा बिघडतात. हे प्लास्टिक 130-135 अंशांच्या आसपास वितळतं आणि कपड्यांच्या इस्त्रीचं तापमान फार वर-खाली होतं. मेणातून धूर निघाला तर इस्त्री जास्त तापली आहे. इस्त्री एका जागी क्षणभरही थांबवू नका. बोर्डाच्या वरच्या बाजूला हात लावल्यावर कोमट लागलं तेवढं पुरे.

खोलगट तळ असेल तर

इथे स्टील उतरवावं लागतं, आणि कडाही पातळच असतात. फट दोनेक कागदांची असेल तर तीसेक सेंटिमीटरची सपाट कानस तिरपी, दोन्ही कडांवर टेकेल अशी धरून हलक्या हाताने ओढा. दगडावर आपटून जळलेला, कडक झालेला भाग आधी डायमंड स्टोनने घ्या, नाहीतर कानशीचे दात जातील. एवढं करायचं नसेल तर कडेचा उतार एकवरून दीड अंश करा. तळ खोलगटच राहतो, पण कड अडकणं बरंच कमी होतं. नवशिक्यांसाठी हाच मार्ग बरा, पकड थोडी कमी झाली तरी.

फट याहून मोठी असेल तर स्टोन ग्राइंडिंगचं खास मशीन असलेल्या स्की वर्कशॉपकडेच बोर्ड द्या. जवळ आहे म्हणून जीआयडीसीतल्या सरफेस ग्राइंडरवर किंवा सुताराच्या बेल्ट सँडरवर चढवू नका. बोर्ड मुळात कमानदार असतो, चुंबकी टेबलावर तो बसत नाही, आणि बेल्टच्या उष्णतेने तळ क्षणात वितळतो.

उन्हाळ्यासाठी ठेवताना बाइंडिंग काढा, तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर देऊन तो तसाच राहू द्या. वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या माळ्यावर ठेवू नका, मे महिन्यात तिथली हवा भाजते. आतल्या खोलीत, पलंगाखाली, आडवा ठेवा. पावसाळ्यात बॅगची चेन बंद करू नका, आतल्या दमटपणाने कडांना गंज चढतो आणि मेण नसलेल्या जागी तो आठवड्याभरात दिसायला लागतो.